माती कोणी उकरली?

अकोल्याकडून आलेली एक रिकामी गाडी शाळेसमोर थांबली, तेव्हा मी पोरांकडून पाढे म्हणवून घेत होतो. गाडीवान आत आला नाही. उंबऱ्याशी उभं राहून त्यानं डोक्याचं पागोटं काढून काखेत धरलं, आणि मला काय ते कळलं. तरी मी पाढा थांबवला नाही. शेवटपर्यंत म्हणवून घेतला, एका पोराची चूक दुरुस्त केली, दुसऱ्याचा कान धरला आणि मगच बाहेर आलो. असं का केलं, कोण जाणे... तो पाढा चालू होता तोवर नथ्थू जिवंत होता, असं काहीसं मनात असावं. “मास्तर, वस्ताद गेले,” गाडीवान म्हणाला. “एकादशीले सकाळी. मोर्णेच्या काठावर अग्नी देला.” समोरच्या रस्त्यावरून कापसाच्या गाड्यांची रांग बाजाराकडे सरकत होती. ती थांबायचं काही कारणही नव्हतं.

या वृत्तपत्राच्या संपादकांनी मला ‘अमरावतीचे नामांकित मल्ल नथ्थुजी वस्ताद’ यांच्यावर चार शब्द लिहून मागितले. मी त्यांचा बालमित्र, शिवाय शाळामास्तर, म्हणजे लिहिणं माझ्याकडेच येणार. तीन वेळा बसलो. तिन्ही वेळा त्याच्या छातीची रुंदी, दुधाचे शेर, जोर-बैठकांची संख्या असलं काहीबाही लिहिलं आणि फाडून टाकलं. त्याच्या ताकदीविषयी वाचायचं असेल त्यांनी इथंच थांबावं. मी त्याच्या फावड्याविषयी लिहिणार आहे, आणि शेवटी माझ्याविषयी. मेलेल्या माणसाच्या लेखात स्वतःविषयी लिहिणारे लोक मला आवडत नाहीत. पण इलाज नाही.

नथ्थूची तालीम कापसाच्या बाजारामागच्या गल्लीत. पत्र्याचं दार, त्याला नुसती कडी, आत मारुतीचा कोनाडा आणि मधोमध मातीचा हौदा. आपल्या वऱ्हाडची काळी माती कुस्तीला चालत नाही. ओली झाली की चिकटते, वाळली की भेगाळते. म्हणून मेळघाटाच्या पायथ्याकडून येणाऱ्या गाडीवानांना सांगून त्यानं तांबडी माती आणवली होती. तीत तेल, ताक, हळद, लिंबाचा रस घालून वर्षानुवर्षं मुरवली होती. ही माती रोज उकरावी लागते. पायाखाली दबून ती घट्ट होते, आणि घट्ट मातीवर माणूस आपटला तर हाड वाचत नाही. उकरण्यासाठी कोनाड्याशेजारी एक फावडं टेकवलेलं असे. बाभळीचा दांडा, मधोमध हातांच्या घामानं काळा पडलेला.

कुणी अनोळखी माणूस दारात येऊन शड्डू ठोकायचा, “हाय का कोनी जोड, माह्यासंगं खेळाले?” म्हणून विचारायचा, तेव्हा इतर तालमींत वस्ताद चिडायचे, नाही तर एखाद्या पट्ठ्याला पुढं घालायचे. नथ्थू यातलं काही करत नसे. तो पाहुण्याला बसवायचा, गूळ-पाणी द्यायचा, गाव विचारायचा आणि मग ते फावडं त्याच्या हातात द्यायचा. “आधी माती उकरा. अनोळखी मातीत पाय टाकू नये, पाहुने. तिची वळख करून घ्या, मंग बोलू.” पाहुणा उकरायला लागला की हा भिंतीला टेकून गप्पा मारत बसे. हौदा मोठा होता. सकाळचं ऊन वर येईपर्यंत उकरणं चाले. तेवढ्यात नथ्थूला सगळं दिसायचं... श्वास कुठं तुटतो, कमरेत जोर किती, हा माणूस रागानं आलाय की भुकेनं. आणि पाहुण्याचाही राग घामावाटे निघून जायचा. दहातले आठ जण उकरून झाल्यावर भाकरी खाऊन, रामराम करून निघून जात. कुणाची इभ्रत गेली नाही, कुणाचं हाड मोडलं नाही. दोघं तर तिथंच राहिले आणि त्याचे चेले झाले. उरलेल्यांशी तो खेळायचा, पण बरोबरीत सोडवायचा.

ही रीत त्याला कुणी शिकवली नव्हती. विशीत असताना त्यानं असंच एका अनोळखी माणसाचं आव्हान तिथल्या तिथं घेतलं होतं आणि पहिल्याच डावात त्या माणसाचा हात खांद्यातून मोडला होता. तो माणूस निघाला पिंजारी. कापूस पिंजायचा तर हाताला धनुकली पेलायला हवी. ती त्याला पुन्हा पेलली नाही. नथ्थू पुढं कित्येक वर्षं दर सणाला त्याच्या घरी जाऊन बसायचा. मी एकदा विचारलं, “काय बोलता रे तुम्ही दोघं?” म्हणाला, “काई नाई. थो माह्याकडे पायते, मी त्याच्या हाताकडे पायतो.”

मग ही कापसाची धामधूम आली. सातासमुद्रापलीकडे कुठं तरी लढाई चालली आहे, तिथला कापूस बंद झाला आहे, म्हणून आमच्या कापसाला सोन्याचा भाव आला, एवढंच आम्हाला माहीत. परगावचे व्यापारी आले, दलाल आले, आणि त्यांच्या गाड्या राखायला लाठीवाले, पहिलवान, शिपाईगडी आले. भाव ठरेपर्यंत या लोकांना काम नसे. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, तसे हे गावभर तालमी शोधत फिरायचे. पूर्वी नागपंचमीच्या सुमारास एखाद-दुसरा आव्हान द्यायला यायचा, आता हप्त्याला तीन-तीन. नथ्थू प्रत्येकाच्या हाती फावडं देई. बाजारात लोक हसायला लागले. “नथ्थुजीच्या तालमीत कुस्ती नाई, रोजगार हमखास हाय,” असं एक अडत्या माझ्यासमोर बोलला. शाळेत एका पोरानं पाटीवर फावड्याचं चित्र काढून खाली ‘वस्ताद’ लिहिलं. मी त्याला छडीनं फोडून काढलं. नथ्थूला सांगितलं तर तो पोट धरून हसला, म्हणाला, “अक्षर तरी चांगलं होतं का?” तो हसू शकत होता. मला हसता येत नव्हतं. मी जन्मभर हडकुळा, दोन जोर काढले की धापा टाकणारा. माझी सगळी पैलवानकी म्हणजे ‘मी नथ्थूचा मित्र’ एवढं सांगण्यात होती. त्याला कुणी हसलं की माझ्याच पाठीला माती लागल्यासारखं वाटायचं.

पौषात एका व्यापाऱ्याच्या गाड्यांबरोबर उमरावसिंग नावाचा उत्तरेकडचा परदेशी पहिलवान आला. तीस-बत्तीसचा, नथ्थूपेक्षा पंधरा वर्षांनी तरुण. गुरुवारी भर बाजारात त्यानं नथ्थूला गाठलं. “वस्तादजी, सुना है आप मेहमान से मिट्टी खुदवाते हो. मैं पहलवान हूँ, बेलदार नहीं. सोमवार को आऊँगा. सीधी कुश्ती होगी.” चारी बाजूंनी माणसं जमली. नथ्थू शांतपणे म्हणाला, “या. फावडं तयार ठेवतो.” लोक खो खो हसले. कुणाला हसले ते मला त्या क्षणी नीट कळलं नाही, पण मी नथ्थूच्या शेजारी उभा होतो आणि माझे कान जळत होते.

शुक्रवारी तो आणि सरूवहिनी रिद्धपूरला गेले. वहिनींचं माहेर महानुभाव पंथाचं, त्यांचा तिथं काही नेम होता. रविवारी सांजेला परतायचे होते. तोवर तालीम बंद. रविवारी मला सुट्टी. दुपारी जेवून मी सहज म्हणून तिकडे गेलो, कडी काढली, आत उभा राहिलो. तीन दिवसांत हौदा वाळून टणक झाला होता. माझ्या मनात आलं, ही माती उद्या आधीच उकरलेली असली तर? मग नथ्थूपाशी बहाणा उरणार नाही. त्याला खेळावं लागेल, आणि तो खेळला की दोन डावांत त्या परदेश्याला चीत करेल, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. एकदा गावानं बघावं, एवढंच मला हवं होतं. एकदाच... मी अंगरखा काढला आणि फावडं उचललं.

दिवे लागेपर्यंत उकरत होतो. हाताला फोड आले, फुटले, तरी थांबलो नाही. माती कशी उकरतात हे मी तीस वर्षं बघत आलो होतो, पण बघणं वेगळं. ती सगळीकडे सारखी, वीतभरच उकरायची असते, मग तुडवून, पाणी शिंपडून बसू द्यायची असते. मी कोनाड्याकडच्या कोपऱ्यात जोशात हातभर खोल गेलो. ढेकळं निघाली म्हणून आणखी खोल गेलो. वरून फळीनं सपाट केलं. दिसायला हौदा देखणा दिसत होता. मी घरी जाऊन हाताला तूप लावून निजलो, आणि सांगायला लाज वाटते, पण मला गाढ झोप लागली.

सोमवारी सकाळी उमरावसिंग आला तो अर्धा बाजार मागं घेऊनच. नथ्थूनं दार उघडलं, सगळ्यांना आत घेतलं, पाहुण्याला गूळ-पाणी दिलं, फावडं उचललं आणि ते द्यायला हौद्यात उतरला. त्याचा पाय घोट्यापर्यंत मातीत गेला. तो तसाच थांबला. खाली बघितलं, मग सभोवार बघितलं. “कोनी उकरली माती?” त्यानं विचारलं. चेले एकमेकांकडे बघायला लागले. मी छताकडे बघत होतो. उमरावसिंग हसला, “चलो, अच्छा हुआ. अब तो बहाना भी नहीं रहा.” नथ्थूनं फावडं परत भिंतीला टेकवलं, लंगोट कसला, आणि मला हाक मारली, “दामू, माती टाक.” कुस्तीआधी पाठीवर मूठभर माती टाकायला तो नेहमी एखाद्या चेल्याला बोलवी, मला कधीच नाही. मी मूठ भरली. त्यानं माझा हात धरला, मूठ उघडून तळवा क्षणभर बघितला आणि बोटं पुन्हा मिटवून दिली. मला वाटलं, लाडानं केलं.

पुढचं फार वेळ चाललं नाही. नथ्थूनं त्याला दुसऱ्याच झटक्यात कमरेवर घेतलं. लोक ओरडले, मीही ओरडलो. आता फिरवून टाकायचा तेवढा उरला होता. त्या फिरण्यात त्याचा डावा पाय कोनाड्याकडच्या कोपऱ्यात पडला आणि गुडघ्यापर्यंत खचला. दोघंही कोसळले, पण नथ्थू डोक्यावर पडला आणि त्याच्यावर तो सगळा देह. काडी मोडल्यासारखा आवाज आला. उमरावसिंग लगेच उठला. नथ्थू उठला नाही. डोळे उघडे होते, तोंडात माती होती, आणि तो म्हणत होता, “हात कुठं गेले माहे? दामू, हात कुठं गेले?” उमरावसिंग दोन्ही हात जोडून रडत होता, “मैंने कुछ नहीं किया, कसम से कुछ नहीं किया.” ते खरं होतं. तीन दिवस तो तालमीच्या दाराबाहेर अन्नपाण्याशिवाय बसून राहिला, मग त्याच्या व्यापाऱ्याच्या गाड्या मुंबईच्या वाटेला लागल्या तसा गेला.

अकोल्याला जुन्या शहरात आमचं वडिलोपार्जित घर, आणि त्याच गल्लीत एक नावाजलेला हाडवैद. नथ्थूला तिथं न्यायचं ठरलं. पण बैलगाडीचे हादरे त्या मानेला सोसणार कसे? तेव्हा बाजारातल्या लोकांनी, होय, त्याच हसणाऱ्या लोकांनी, आपापल्या वखारीतून रुई आणून गाडी काठोकाठ भरली. रस्त्यात पडलेलं बोंड उचलायला चार हात धावायचे ते दिवस, पण कुणी तोलून दिली नाही. त्या पांढऱ्या ढिगात आम्ही त्याला गळ्यापर्यंत पुरलं आणि वाटभर वहिनी त्याच्या तोंडावरच्या माश्या वारत राहिल्या. हाडवैदानं पाहिलं, मान हलवली, तेलाची बाटली दिली. त्यातून काही झालं नाही. माझी रजा संपली आणि त्या दोघांना आमच्या घरी ठेवून मी अमरावतीला परतलो. पळालो म्हणा.

होळीच्या सुट्टीत गेलो ती शेवटची भेट. देहाचं सगळं मांस गेलं होतं, फक्त डोकं पूर्वीइतकंच राहिलं होतं. वहिनी पाणी आणायला बाहेर गेल्या, तशी त्यानं मला जवळ बोलावलं.

“हात दाखव.”

मी दाखवला. तो बघत राहिला. “भरले वाट्टे फोड,” म्हणाला.

मी हात मागं घेतला. म्हटलं, “तुला ठाऊक होतं? मग काहून उतरलास रे मातीत? नाही म्हणायचं होतंस...”

“कोपरा खचल हे नोतं मालूम. नाई त नसतो गेलो,” तो म्हणाला. मग थोडा दम खाऊन, “पन तीस वर्सांत तू मले काईच मांगतलं नाई, दामू. तुह्या हाताले फोड पायले. म्हटलं, गड्याले माही कुस्ती पायाचीच हाय. दाखवून देऊ एकडाव.” तो हसला. “दाखवलं त हेच.”

मी तिथं रडलो असतो, पण बाहेर घागरीचा आवाज आला. तो घाईनं म्हणाला, “सरूले सांगू नोको. कोनालेच नोको. तुले गावात राहायचं हाय, पोरं शिकवायची हायेत.” मी मान डोलावली. त्या मान डोलावण्याची मला आज शिसारी येते. ज्याला बोटसुद्धा हलवता येत नव्हतं तो माझी काळजी वाहत होता, आणि मी ती निमूटपणे वाहू दिली.

तेराव्याला अकोल्यात वहिनी सगळ्यांसमोर म्हणाल्या, “त्या परदेश्यानं माह्या मानसाले कपटानं मारलं. त्याच्या मायीची कूस जळो.” रोज सकाळी मोर्णेवर जाऊन त्या हेच बोलतात असं ऐकतो. मी तिथं होतो. मान खाली घालून होतो. नथ्थूचे दोन चेले उठले, तालमीची माती फडक्यात बांधून बरोबर आणली होती, ती कपाळाला लावून त्यांनी शपथ घेतली, की उमरावसिंगाची मान मोडल्याशिवाय या मातीत पाय ठेवणार नाही. दुसऱ्याच दिवशी लाठ्या घेऊन खामगावच्या वाटेनं गेले. मी त्यांना निरोप द्यायला वेशीपर्यंत गेलो. एक वाक्य बोललो असतो तर ते परतले असते... त्याऐवजी मी म्हटलं, “जपून जा.”

त्यानंतर तालीम बंदच होती. गेल्या रविवारी मी तिथं जाऊन बसलो होतो. कशाला, ते विचारू नका, दर रविवारी जातो. दारात एक उंच, धुळीनं भरलेला तरुण येऊन उभा राहिला. “नथ्थुजी वस्तादाची तालीम हेच काय? जोड मांगाले आलो.” मी उठलो आणि, देवाशपथ, काही विचार न करता फावडं उचलून त्याच्या हातात दिलं. “आधी माती उकरा.” त्यानं काही विचारलं नाही. त्याला ही रीत ठाऊक असावी, दूरवर पोचली होती. त्यानं सदरा काढला आणि उकरायला लागला. हौदा पुन्हा दगडासारखा झाला होता. घाव घालावा तेव्हा चार बोटं माती सुटे. मी नथ्थूच्या जागी भिंतीला टेकून बसलो. त्याचा श्वास, त्याची कंबर, मला काहीच वाचता येत नव्हतं. वस्ताद नाहीत, चेले माणूस मारायला गेलेत, तुझ्याशी लढायला इथं कुणीही नाही, हे त्याला कसं सांगावं याचीच मी जुळवाजुळव करत होतो. ऊन वर आलं. तो उकरत उकरत कोनाड्याकडच्या कोपऱ्यात पोचला, आणि फावडं दांड्यापर्यंत आत गेलं. त्यानं ते उपसलं, पुन्हा मारलं, पुन्हा तसंच. त्यानं गुडघे टेकून हात घालून बघितला, आणि माझ्याकडे वळून म्हणाला, “इथं मानूस मरल ना, बावा. एवढं खोल कोनी उकरलं?”

हाच प्रश्न त्या तालमीत दुसऱ्यांदा विचारला जात होता.

“मी,” मी म्हटलं.

हे पहिल्यांदा मी बोललो. एका माणसासमोर, ज्याचं नावही मला ठाऊक नव्हतं. आता इथं सगळ्यांसमोर लिहून देतो. बैल गेला आणि झोपा केला, असं म्हणाल तर म्हणा. पण एक बैल अजून जायचा आहे. खामगाव, मलकापूरकडे, मुंबईच्या वाटेवर ज्यांच्या हाती हा अंक पडेल त्यांना माझी हात जोडून विनंती आहे. अमरावतीचे दोन तरुण लाठ्या घेऊन, फडक्यात तांबडी माती बांधून उमरावसिंग नावाच्या पहिलवानाला विचारत फिरताना दिसले, तर त्यांना थांबवा आणि हे वाचून दाखवा. त्यांना वाचता येत नाही, मी त्यांना कधी शिकवलं नाही. वहिनींनाही येत नाही. त्यांच्याकडे आलेली सगळी पत्रं आजवर मीच वाचून दाखवली आहेत, आणि हेही मीच वाचणार आहे. उद्या अकोल्याची गाडी सांगितली आहे. त्या काय म्हणतील याचा विचार मी करत नाही.

त्या तरुणानं माझं उत्तर ऐकलं. तो हौद्यातून वर आला, अंगावरची माती झटकली, आणि जोड मागितली नाही, रामरामही केला नाही. जाताना त्यानं फावडं भिंतीला टेकवलं नाही. माझ्या हातात दिलं.